तीन काळजांचा प्राणी

शेषेराव मोजणी खात्यातून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण सकाळी काहीतरी पारखल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नाही. नोकरीत त्यांनी कंधार, लोहा, मुखेड या तीन तालुक्यांतले बांध पायाखाली घातले. दोन्ही बाजूंना सख्खे भाऊ एकमेकांकडं खाऊ की गिळू बघत उभे असायचे आणि मधे साखळी धरून शेषेराव. ‘माझ्या नजरेतून वीतभर जागा सुटायची नाही,’ असं ते तेव्हाही सांगायचे आणि आताही सांगतात, कुणी विचारलं नाही तरी सांगतात. आता मोजायला जमिनी उरल्या नाहीत, म्हणून ते जगातली नवलं पारखतात.

रोज एक नवल. इंटरनेटवर हिंडून जे काही गमतीचं, चमत्कारिक, ऐकून हात आपोआप कपाळाला जावा असं सापडेल, त्यातलं एक निवडायचं आणि सकाळी साडेसहाला ‘नवलाई’ नावाच्या ग्रुपवर टाकायचं. ग्रुपात दोनशे बारा माणसं. निम्मी भावकी, निम्मे खात्यातले जुने सोबती, आणि चार-दोन अशी की ती कशी आली ते शेषेरावांनाही सांगता येणार नाही. ग्रुपचे कायदे कडक होते. गुलाबाची फुलं चालणार नाहीत, देवांचे फोटो चालणार नाहीत, राजकारण तर नाहीच नाही. लातूरच्या एका मावसभावानं हौसेनं ‘शुभ सकाळ’ टाकलं तर त्याला दुपारपर्यंत बाहेर काढलं होतं. आणि कुठलंही नवल तीन ठिकाणी तपासून खरं निघाल्याशिवाय शेषेराव ते पुढं पाठवत नसत.

हे सगळं करताना ते फोन हातभर लांब धरतात, चष्मा कपाळावर सारतात, खाकरतात, आणि बोट जिभेला लावून मग पडदा सरकवतात. मोजणीची जाडजूड रजिस्टरं चाळून चाळून लागलेली सवय. तिचा त्यांना स्वतःला काही पत्ता नव्हता.

श्रावणात त्यांनी ऑक्टोपसचं नवल टाकलं होतं. समुद्रातल्या या प्राण्याला तीन काळजं असतात, हे वाचून ते दोन दिवस अस्वस्थ होते. त्यांनी ते ग्रुपवर टाकलं, भाजीवाल्याला सांगितलं, आणि पोळ्याला गावी गेल्यावर धाकट्या भावाच्या, हणमंताच्या ओसरीवर बसून सगळ्यांना वाचूनही दाखवलं. हणमंत बैलाच्या शिंगांना रंग देत होता. तो ‘असंल, असंल’ म्हणाला. शेषेरावांच्या बायकोनं, सिंधुताईंनी, ते चौथ्यांदा ऐकत असल्यामुळं काहीच म्हटलं नाही. ग्रुपवर त्या दिवशी चार अंगठे आले, त्यातला एक शेषेरावांचा स्वतःचा होता.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी जळकोटच्या सिद्धलिंगप्पांनी त्यांना एक व्हिडिओ धाडला. हे सिद्धलिंगप्पा खात्यातले जुने सोबती. व्हिडिओ बऱ्याच हातांतून आलेला दिसत होता. शेतातल्या बोअरपाशी बायका गोधड्या धूत होत्या. त्यातली पन्नाशीची एक बाई पदर कमरेला खोचून उभी राहिली, डोक्यावर काही नाही, केस सुटलेले, कोपरापर्यंत फेस. तिनं शेजारणीचा चष्मा घेऊन नाकावर चढवला आणि कपड्याच्या साबणाची वडी हातात धरली. हातभर लांब. मग चष्मा कपाळावर सारला, खाकरली, बोट जिभेला लावलं आणि साबणावर फिरवलं. साबणाची चव लागून तिचं तोंड जे काही झालं, तिथंच शेषेरावांचा चहा धोतरावर सांडला.

पुढं तर कहरच होता. ‘ऐका,’ बाई पुरुषी घोगऱ्या आवाजात म्हणाली, ‘ऐका म्हणलं ना. समुद्रात एक प्राणी हाय. त्याला तीन काळजं.’ मग साबण बाजूला करून स्वतःच्या आवाजात, ‘हितं एक सांभाळता सांभाळता जीव चाललाय, त्यो तीन घिऊन कसा पवत आसंल?’ बायका हसून हसून गोधड्यांवर पडल्या. शेवटी पुन्हा साबण हातात घेऊन तिनं त्या पुरुषासारखं सगळ्यांकडं आळीपाळीनं बघितलं आणि हळूच, एकटंच हसून दाखवलं. तिथं व्हिडिओ संपला.

शेषेरावांना भरून आलं. आपण टाकलेलं नवल कुठल्या कुठं पोचलं, कुण्या गावच्या बोअरवर बायकांच्या तोंडी जाऊन बसलं, याचा त्यांना केवढा अभिमान वाटला. बाईचा चेहरा कुठंतरी बघितल्यासारखा वाटत होता, म्हणून त्यांनी व्हिडिओ तीनदा बघितला. नाही, ओळखीची नव्हती. आणि ज्या कुण्या बावळट माणसाची ती नक्कल करत होती, तो तर अगदी हुबेहूब उतरला होता. फोनला थुंकी लावणारी माणसं या काळातही असतात, याचंही त्यांना हसू आलं. साडेसहाला त्यांनी तो ग्रुपवर टाकला आणि वर स्वतःच्या शब्दांत लिहिलं, ‘असा एक शहाणा प्रत्येक घरात असतो. तुमच्या घरात कोण?’

त्या दिवशी ‘नवलाई’ला जाग आली. वर्षानुवर्षं मुक्या राहिलेल्या माणसांनी हसून लोळणारी तोंडं धाडली. कुणी लिहिलं, आमच्या घरात आहे, पण नाव घेत नाही. कुणी लिहिलं, नाव घ्यायची गरजच नाही. शेषेरावांनी एकेकाचे आभार मानले. संध्याकाळपर्यंत दीडशेच्या वर माणसं हसली होती आणि शेषेराव कंधारच्या बाजारात फौजदारासारखे फिरून आले.

सिंधुताई तेव्हा नांदेडला मुलीकडं गेल्या होत्या. त्या तिसऱ्या दिवशी आल्या. पिशवी खाली ठेवायच्या आत शेषेरावांनी त्यांच्यापुढं फोन धरला. सिंधुताईंनी व्हिडिओ अख्खा बघितला. त्या हसल्या नाहीत. त्यांनी खुर्ची ओढली आणि बसल्या.

“अहो, ही सरजा हाय,” त्या म्हणाल्या. “आपली सरजा. हणमंताची.”

शेषेरावांना आधी कळलंच नाही. सरजाबाई त्यांची सख्खी भावजय. एकतीस वर्षांपूर्वी तिच्या लग्नात अक्षता टाकायला तेच पुढं होते. पण तिचा चेहरा? नवऱ्याच्या थोरल्या भावाला त्यांच्याकडं भाया म्हणतात. भाया समोर आला की भावजयीनं पदर नाकाच्या शेंड्यापर्यंत ओढायचा, पाठ फिरवून उभं राहायचं, आणि बोलायचंच असेल तर पोरांशी नाहीतर भिंतीशी बोलायचं. भायानंही मान वर करायची नाही. नव्या सुनांनी हे कधीच सोडून दिलं, पण सरजाबाईनं आणि शेषेरावांनी ते इमानानं पाळलं होतं. वर्षातून तीन-चारदा शेषेराव गावी जात, तिच्या हातचं जेवत, आणि त्यांना दिसे ते एक हिरव्या बांगड्यांचं मनगट आणि लुगड्याचा काठ. तिचं मनगट त्यांनी शंभरांत ओळखलं असतं. व्हिडिओत ते कोपरापर्यंत फेसात होतं.

“आन् नक्कल कुणाची करायलीय?” त्यांनी विचारलं.

सिंधुताईंनी फोनकडं बोट दाखवलं. शेषेरावांनी चष्मा कपाळावर सारला, फोन लांब धरला, व्हिडिओ पुन्हा सुरू केला आणि तो पुढं सरकवायला बोट जिभेला लावलं. बोट तिथंच राहिलं. पडद्यावरच्या बाईचंही बोट त्याच वेळी जिभेला लागलं होतं.

मग बसमध्ये असताना हणमंताचा फोन आला होता, त्यातून जे कळलं ते सगळं सिंधुताईंनी सांगितलं. घटस्थापनेच्या आधी गोधड्या धुताना सरजाच्या पोरीनं, मंजुषानं, तो व्हिडिओ काढला होता. मंजुषा नांदेडला नर्सिंग शिकते. तिनं मैत्रिणींना हसवायला अर्धा दिवस तो स्टेटसला ठेवला आणि काढून टाकला, पण तेवढ्यात कुणीतरी उतरवून घेतला होता. तो नांदेड-लातूरच्या फोनांतून अनोळखी माणसांत फिरत होता तोवर काही बिघडलं नव्हतं. बाई कोण हे कुणाला माहीत नव्हतं. शेषेरावांनी तो भावकीच्या पुढ्यात नेऊन ठेवला, आणि भावकीनं एका दमात दोघांनाही ओळखलं. थोरल्यांची नक्कल, तीही उघड्या डोक्यानं. चुलत्या-मालत्यांनी सरजाला दारात येऊन सुनावलं. तेव्हापासून ती घराबाहेर पडली नव्हती. पाणीसुद्धा नांदेडहून धावत घरी आलेली मंजुषा आणत होती. आणि आठवड्यावर आलेल्या येळवशीला आपण शेतात येणार नाही, असं तिनं नवऱ्याला बजावून सांगितलं होतं. थोरल्यांच्या ताटात कुठल्या तोंडानं वाढू, एवढंच ती म्हणत होती.

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी लातूरकडची गावं रिकामी होतात आणि शेतं भरतात. कडब्याची खोप करायची, तिच्यात लक्ष्मी आणि पाच पांडव मांडून पुजायचे, आणि सगळ्या गोतानं काळ्या रानात बसून ओले दाणे नि पालेभाज्या घालून शिजवलेली भज्जी आणि ज्वारीची आंबील खायची. हणमंताच्या शेतातली भज्जी एकतीस वर्षं सरजाबाईच्या हातची होती. लक्ष्मीच्या सणाला घरची लक्ष्मीच शेतात आली नाही, तर पुढं दोन्ही घरांनी एकमेकांच्या दारात कशाला जायचं, हे न कळण्याइतके शेषेराव दूधखुळे नव्हते.

तरी पहिला दिवस त्यांना राग आला. माणूस आहे, येणारच. आपल्या पाठीमागं बोअरवर आपलं हसं होतं, हे कुणाला गोड लागेल? एका चुलतभावानं फोन करून सल्ला दिला की भावकीसमोर तिला पाया पडायला लावा, म्हणजे प्रकरण मिटेल. शेषेराव ‘बघू’ म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सिंधुताई मंदिरात गेल्या असताना त्यांनी तो व्हिडिओ पुन्हा काढला. आता ते मोजणीदारासारखे बघत होते. चष्मा बरोबर. खाकरणं बरोबर, दोनदाच, तिसऱ्यांदा नाही. ‘ऐका म्हणलं ना’ तंतोतंत. मग शेवट आला. नवल सांगून झाल्यावर सगळ्यांकडं आळीपाळीनं बघणं, कोण हसतंय का ते शोधणं, आणि कुणीच हसलं नाही की आपणच हळूच हसून घेणं. आदल्या खेपेला त्यांना हेच सगळ्यात गमतीचं वाटलं होतं. आता त्यांनी फोन पालथा घातला.

हे आपण करतो, ते त्यांना ठाऊक होतं. थुंकीचं माहीत नव्हतं, पण हे माहीत होतं. दुसऱ्या कुणाला ते दिसत नाही, एवढीच त्यांची समजूत होती. सहा वर्षांत दोनशे बारा माणसांना, पोरांना, सोबत्यांना चष्मा नि खाकरणं दिसलं असेल, पण हे कुणालाच दिसलं नव्हतं. दिसलं होतं ते नाकापर्यंत ओढलेल्या पदराच्या आडून, दाराच्या फटीतून, एका बाईला. ज्या बाईचं तोंड त्यांनी कधी बघितलं नाही, तिनं त्यांना आतून-बाहेरून बघून ठेवलं होतं. शेषेरावांना स्वतःच्या नजरेची लाज वाटली.

त्याच संध्याकाळी मंजुषाचा निरोप आला. मोठे बाबा, चूक माझी आहे, असं तिनं लिहिलं होतं. आई तुम्हाला हसत नव्हती. तुमचं रोजचं नवल मी तिला फोनवर वाचून दाखवते, एखाद्या दिवशी मला उशीर झाला तर तीच फोन करून विचारते, आज थोरल्यांनी काय धाडलं? तुमची सगळी नवलं तिला पाठ आहेत. बोअरवर बायकांना तीच सांगते. तुमच्यासारखं सांगितल्याशिवाय बायकांना मजा येत नाही.

शेषेरावांनी तो निरोप बऱ्याच वेळा वाचला. नवल टाकणं त्यांनी बंद केलं होतं. एक दिवस गेला, तीन गेले, आठ गेले. ‘नवलाई’ गप्प होती. दोनशे बारांतल्या एकानंही विचारलं नाही, की शेषेराव, आज काय नाही?

येळवशीच्या सकाळी कंधारच्या बसस्थानकावर बसची वाट बघताना त्यांनी ग्रुपवर तीन ओळी लिहिल्या. ‘त्या व्हिडिओतली बाई माझी भावजय सरजाबाई. नक्कल माझी आहे. तीनदा तपासली, बरोबर आहे.’ भावकीकडून काही आलं नाही. सिंधुताईंनी मात्र ते खिडकीशी बसून वाचलं आणि गावासाठी उतरायचं जळकोट येईपर्यंत नवऱ्याच्या हातावर हात ठेवून बसल्या.

गावात शुकशुकाट होता. सगळे शेतात गेले होते. हणमंत पहाटेच भज्जीचं पातेलं आणि आंबिलीनं भरलेला बिंदगा घेऊन गेला होता. सरजाबाईनं सगळं रांधून दिलं होतं, फक्त स्वतः मागं राहिली होती. सिंधुताईंना वाटलं, नवरा रिवाजाप्रमाणं सरळ शेताची वाट धरेल. पण शेषेराव घराकडं वळले आणि ओसरीवर जाऊन बसले, नेहमीसारखे अंगणाकडं तोंड करून. पाठीमागं माजघराचं दार होतं. आत बांगड्या वाजल्या आणि गप्प झाल्या.

मंजुषा पाणी घेऊन आली. तिचे डोळे सुजले होते. तिनं हळूच सांगितलं की सकाळचा मजकूर आईला वाचून दाखवला, तरी ती येत नाही म्हणते.

“मंजे,” शेषेराव म्हणाले, आत ऐकू जाईल अशा बेतानं, “तुझ्या आईला सांग, मोजणी माझी चुकली. एकतीस वर्सं जिच्या हातचं खाल्लं, तिचं तोंड मला वळखू आलं न्हाई. तिनं मला मापलं, ते बराबर मापलं. तिच्यावर माझा काडीचा राग न्हाई.”

मग त्यांनी मंजुषाला साबणाची वडी आणायला सांगितली. पोरगी आधी नुसती बघतच राहिली, मग मोरीतून वापरून झिजलेली निळी वडी घेऊन आली.

शेषेरावांनी वडी हातभर लांब धरली. चष्मा कपाळावर सारला. दोनदा खाकरले. चौसष्ट वर्षांचा माणूस, आयुष्यात कधी गणपतीच्या नाटकातही उभा न राहिलेला.

“ऐका,” ते म्हणाले. “ऐका म्हणलं ना. समुद्रात एक प्राणी हाय. त्याला तीन काळजं.”

कुणी हसलं नाही. मंजुषा ओठ दाबून उभी होती, सिंधुताईंनी डोळ्यांना पदर लावला होता. अंगणात कोंबडी माती उकरत होती.

“थुंकी राहिली,” आतून आवाज आला.

आवाज खालच्या पट्टीतला होता. तो भिंतीशी नव्हता, पोरांशी नव्हता. हाक मारायला तिच्याजवळ त्यांच्यासाठी शब्दच नव्हता, म्हणून तिनं बिनहाकेचंच सांगितलं होतं. एकतीस वर्षांत भावजय भायाशी पहिल्यांदा बोलली, आणि बोलली ती चूक दुरुस्त करायला. शेषेरावांनी आज्ञाधारकपणे बोट जिभेला लावलं, साबणावर फिरवलं, आणि भान हरवून पुन्हा जिभेला लावलं. साबण कडूजहर होता. त्यांचं तोंड वाकडंतिकडं झालं. मग सवयीनं त्यांनी मंजुषाकडं बघितलं, सिंधुताईंकडं बघितलं, आणि आता आपणच हसून घ्यावं म्हणून ओठ हलवणार, तेवढ्यात पाठीमागच्या दारातून हसू आलं. मोठं, खळखळून, बोअरवरचं. आणि हसता हसताच ती रडायला लागली, तेही सगळ्यांना ऐकू गेलं.

ती शेतात आली. भावकीतल्या बायकांनी एकमेकींकडं बघितलं, पण शेषेराव तिच्या चार पावलं पुढं हातात साबणाची वडी तशीच घेऊन चालत होते, त्यामुळं कुणाला काही बोलता आलं नाही. पांडवांची पूजा झाली, पंगत बसली. सरजाबाई भज्जी वाढत वाढत त्यांच्यापुढं आली. पदर डोक्यावर होता, इतक्या वर्षांची सवय एका दिवसात कुठं जाणार. पण तो कपाळाशी थांबला होता, नाकापर्यंत आला नव्हता. शेषेरावांनी मान वर केली. रुंद कपाळ, डाव्या गालावर तीळ, आणि डोळ्यांत अजून ओल. एवढं सगळं इतकी वर्षं हाताच्या अंतरावर होतं.

“आठ दिस झाले,” ती पळीकडं बघत म्हणाली, “काय आलं न्हाई.”

शेषेरावांचा घास हातातच राहिला. मग ते सांगू लागले. वाचून नाही, तोंडानंच. ऑस्ट्रेलियात वॉम्बॅट नावाचा एक प्राणी आहे, बुटका, डुकराएवढा, केसाळ. त्याच्या लेंड्या चौकोनी पडतात. गोल नाही, लांबट नाही, फाशासारख्या चौकोनी. तीन ठिकाणी तपासलंय.

सरजाबाईनं त्यांच्या ताटात दुसरी पळी घातली आणि क्षणभर विचार केला.

“बरं हाय की,” ती म्हणाली. “त्या गावच्या बायांचं गवऱ्या थापायचं काम वाचलं.”

शेषेराव हसले. ठसका लागेपर्यंत हसले. आणखी कोण हसतंय, हे बघायला त्यांनी मान वळवली नाही.